नितळ पाणी निर्धोक असते का?

प्रश्न : आमचा गट दर आठवड्याला एका नैसर्गिक तलावात पोहतो. पाणी इतके नितळ आहे की छातीभर पाण्यात उभे राहिले तरी पायाची बोटे दिसतात. तरीही मागच्या मोठ्या पावसानंतर पोहून आलेल्या दोघांना जुलाब झाले. पाण्याची तपासणी करायची तर कशाची करावी?

उत्तर : पाणी नितळ आहे याचा अर्थ त्यात गाळ आणि शेवाळ कमी आहे, एवढाच. १०० मिलिलिटर पाण्यात हजारो जीवाणू असले तरी ते डोळ्यांना गढूळ दिसत नाही. तुमच्या सोबत्यांचे जुलाब पाण्यामुळेच झाले, असे पत्रावरून म्हणता येणार नाही; परंतु पावसाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. जोराच्या पावसात शेतांतील शेणखत, जनावरांची विष्ठा आणि भरून वाहणाऱ्या गटारांचे पाणी तलावात उतरते. त्यानंतर दोन-तीन दिवस पोहणे टाळावे, कारण तेवढ्या अवधीत ऊन आणि पाण्यातील सूक्ष्मजीवभक्षी जीव यांच्यामुळे जंतूंची संख्या बरीच घटते.

तपासणी ई. कोलाय आणि एन्टेरोकॉकस या दोन जीवाणूंची करावी. ते माणसांच्या व प्राण्यांच्या आतड्यांत राहतात, म्हणून पाण्यात आढळले की मैला मिसळल्याची खूण पटते. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशानुसार तलाव-नद्यांचे पाणी ‘उत्कृष्ट’ ठरण्यासाठी १०० मिलिलिटरमागे ई. कोलायची मर्यादा ५०० आणि एन्टेरोकॉकसची २०० आहे. अमेरिकेच्या २०१२ च्या निकषांत ई. कोलायसाठी १२६ हा आकडा येतो. मात्र पहिली मर्यादा ९५ टक्के नमुन्यांना लावलेली आहे आणि दुसरा आकडा अनेक नमुन्यांच्या भूमितीय सरासरीचा आहे, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून कोणता नियम कडक, हे ठरवू नये.

माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. नेहमीच्या पद्धतीत जीवाणू वाढवून मोजायला १८ ते २४ तास लागतात. म्हणजे हातात आलेला अहवाल कालच्या पाण्याचा असतो. एका चांगल्या अहवालावर वर्षभर विसंबून राहण्यापेक्षा पोहण्याच्या हंगामात नियमित नमुने घ्यावेत, आणि गेल्या दोन-तीन दिवसांत पाऊस किती झाला व ओढे-नाले कोठे येऊन मिळतात, हे स्वतः पाहावे. पोहणाऱ्यांकडूनही जंतू पाण्यात जातात. ज्याला जुलाब होत आहेत, त्याने पाण्यात उतरूच नये.

प्रश्न : उन्हाळ्याच्या अखेरीस तलावाच्या एका काठाला हिरवट साय जमते. ती बाजूला सारून पोहले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. ही साय बहुधा नील-हरित शैवालाची असते. शास्त्रीयदृष्ट्या ते जीवाणूच आहेत. खत-सांडपाण्यातून आलेले फॉस्फरस आणि नायट्रोजन, ऊब आणि संथ पाणी मिळाले की ते झपाट्याने वाढतात. त्यांतील काही जातींची विषे यकृताला व मज्जासंस्थेला इजा करतात, आणि पाणी उकळूनही ती नष्ट होत नाहीत. वाऱ्यामुळे साय एका काठाला लोटली जाते आणि नेमके तेथेच, उथळ पाण्यात, लहान मुले खेळत असतात. कुत्री अंगाला लागलेली साय चाटतात व दगावतात. पाणी रंग ओतल्यासारखे दिसत असेल, तर त्या दिवशी कोणीही उतरू नये.

प्रश्न : ‘मेंदू खाणाऱ्या अमीबा’च्या बातम्या वाचल्यापासून मुलांना तलावात पाठवण्याची भीती वाटते.

उत्तर : नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो, पाणी गिळल्याने हा रोग होत नाही. रोग अत्यंत दुर्मीळ आहे, पण झाल्यास जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरतो. म्हणून पाणी फार तापलेले असताना सूर मारणे आणि तळाचा चिखल ढवळणे टाळावे, नाकाला चिमटा लावावा. पोहल्यानंतरच्या दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या किंवा मान आखडणे अशी लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे आणि मूल तलावात पोहले होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

तथापि आपली भीती योग्य ठिकाणी असावी, असे मला मनापासून वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मृत्यू पावले. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे वरून पाहताना २ मीटर खोल पाणी सुमारे दीड मीटर भासते, त्यामुळे न पोहता येणारे मूल निःशंकपणे पुढे जाते. शिवाय पृष्ठभाग उबदार असला तरी काही मीटर खाली पाणी एकदम गार लागू शकते. त्या धक्क्याने श्वास आत ओढला जातो आणि पाणी फुप्फुसांत शिरते. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. त्यामुळे मुले पाण्यात असेपर्यंत एका जाणत्या, पोहता येणाऱ्या माणसाने मोबाईल बाजूला ठेवून हाताच्या अंतरावर थांबावे आणि कंटाळा आला की हे काम नाव घेऊन दुसऱ्याकडे सोपवावे.