आपले प्रश्न : चिनी कव्हर की भोसरीचं?

प्रश्न : आमच्या यंत्राचं एबीएस प्लास्टिकचं कव्हर चीनहून येतं. बंदरात पोचेपर्यंत नगाला ६० रुपये पडतात. वर सगळे कर धरून ३७ टक्के जातात. इथला मोल्डर ५८ रुपये मागतो, मोल्डचे (साच्याचे) ४ लाख वेगळे. वर्षाला ५,००० नग लागतात. मोल्ड करावा का? (भोसरी)

उत्तर : ते ३७ टक्के आधी डोक्यातून काढा. त्यातला आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, इनपुट क्रेडिटमध्ये (आपल्या विक्रीवरच्या जीएसटीतून) वळता होतो आणि इथल्या मोल्डरच्या बिलावरही १८ टक्के जीएसटी असतोच. खरा भार सीमाशुल्काचा. ते १५ टक्के दिसतंय, म्हणजे ९ रुपये. त्यावर १० टक्के अधिभार ९० पैसे. क्लिअरिंग आणि न्हावाशेवा बंदराहून वाहतूक मिळून ४ रुपये धरा. नग पडला ७३.९० ला.

वर्षाचा माल एकदम मागवत असाल तर ३ लाख अडकतात, सरासरी दीड लाख. १२ टक्क्यांनी व्याज १८,०००, म्हणजे नगामागे आणखी ३.६०. हा खर्च बहुतेक जण मांडतच नाहीत. आता फरक १९.५० चा झाला आणि ४ लाख वसूल व्हायला साधारण २०,५०० नग लागतील. चार वर्षांहून जास्त. तोवर मॉडेलच बदललं तर?

म्हणून एकट्या या कव्हरासाठी मोल्ड करू नका. दुसऱ्या मॉडेललाही हेच कव्हर बसवता येत असेल आणि खप १०,००० वर जात असेल, तर मात्र जरूर करा. दोन वर्षांत पैसे सुटतात.

घोटाळा होतो तो मापात. चिनी नमुना व्हर्नियरने मोजून तेवढ्याच मापाची कॅव्हिटी, म्हणजे मोल्डमधली पोकळी, कापतात. पण एबीएस थंड होताना सुमारे अर्धा टक्का आकसतं. २०० मिमीचं कव्हर १ मिमी आखूड येतं आणि स्क्रूची भोकं जुळत नाहीत. कॅव्हिटी २०१ ची हवी. पुढे स्वस्त पडतो म्हणून त्याच मोल्डमध्ये पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा) दाणा घातलात, तर तो दीड टक्का किंवा जास्तच आकसतो; नग १९८ वर येतो. दाणा आधी ठरवा, मग मोल्ड. आतल्या रिबची (बळकटीसाठीच्या उभ्या पट्टीची) जाडी भिंतीच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर बाहेरून खड्डे दिसतात. आणि मोल्डचं बिल आपल्या नावावर घ्या. मोल्डर बदलायची वेळ आली की याच कागदावर भांडण होतं.

प्रश्न : मोबाइल, सोलर पॅनेल इथे बनतात, तरी चीनबरोबरच्या व्यापारातली तूट वाढतेच कशी? (नाशिक)

उत्तर : २०२४-२५ मध्ये आपण चीनकडून सुमारे ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला, विकला जेमतेम १४ अब्जांचा. जुळणी इकडे आली, मागची साखळी तिथेच राहिली. सोलरचंच घ्या. पॉलिसिलिकॉन (शुद्ध सिलिकॉन), इंगॉट (त्याचा ठोकळा), वेफर (ठोकळ्याच्या पातळ चकत्या), सेल (चकतीपासून बनणारा, वीज तयार करणारा भाग) आणि शेवटी पॅनेल असा क्रम आहे. १ एप्रिल २०२२ पासून पॅनेलवर ४० टक्के शुल्क लागलं, सेलवर २५. साहजिकच आधी पॅनेलचे कारखाने उभे राहिले आणि सेल बाहेरून येत राहिले. आता सेलही इथे बनू लागले, पण वेफर मुख्यतः चीनमधूनच येतात. कारखान्यातली यंत्रंही बरीच तिकडचीच.

शिवाय मोबाइलचे सुटे भाग चीनमधून येतात आणि तयार फोन अमेरिकेला जातात. चीनच्या खात्यात तूट दिसते, अमेरिकेच्या खात्यात शिल्लक. एकाच देशाची तूट धरून बसलं की फसगत होते. इथे मालाच्या किमतीत भर किती पडली, ते बघा.

प्रश्न : घरावरच्या सोलरच्या अनुदानासाठी पॅनेल भारतीयच लागतं का? (सांगली)

उत्तर : हो, पीएम सूर्यघर योजनेत पॅनेलसोबत सेलही भारतीय लागतात, त्याला डीसीआर पॅनेल म्हणतात. ३ किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात. बाहेरचे सेल असलेलं साधं पॅनेल स्वस्त असतं, म्हणून काही विक्रेते कोटेशनमध्ये डीसीआर लिहून हे साधंच बसवतात. प्रत्येक पॅनेलचा सिरियल नंबर प्रमाणपत्राशी ताडून बघा, तोही छतावर चढवण्याआधी. बसवल्यावर मागचं लेबल वाचायला आडवं पडावं लागतं.