वाचकांचे प्रश्न : सूड आणि शिकार

प्रश्न : ‘आय सॉ द डेव्हिल’ (२०१०) या कोरियन चित्रपटातील नायकाचा सूड आधी न्याय्य वाटला, पण शेवटी त्याचीच भीती का वाटली?

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. वाग्दत्त वधूचा खून झालेला गुप्तहेर सू-ह्यून खुन्याला पकडतो, त्याच्या घशात माग काढणारी कॅप्सूल उतरवतो आणि पुन्हा छळण्यासाठीच त्याला मोकळा सोडतो. दिग्दर्शक किम जी-वून यांच्या या कथेत सूडाचं रूपांतर शिकारीत होतं ते इथेच. त्या मोकळिकीची किंमत मात्र इतरांना मोजावी लागते : वधूच्या वडिलांवर हल्ला होतो, तिच्या बहिणीचा जीव जातो. छोई मिन-सिक यांनी रंगवलेल्या खुन्याला पश्चात्ताप ठाऊकच नाही. शेवटी रस्त्याने एकटाच चालणाऱ्या सू-ह्यूनचा हुंदक्यांनी वेडावाकडा झालेला चेहरा मला आजही पाहवत नाही.