टोपी काढायची का?

प्रश्न : आम्ही बारा वर्षं अमेरिकेत आहोत. मुलीला बेसबॉलचं वेड लागलं ते आमच्या शहरातल्या संघामुळे. नव्या स्टेडियमचा मोठा खर्च शहराने उचलावा, असा मालकाचा हट्ट होता. बोलणी फिसकटली आणि संघ दुसऱ्या राज्यात गेला. मुलगी अजूनही त्याच संघाची टोपी घालते, त्याचेच सामने बघते. मला ते बघवत नाही. शहराने पैसे द्यायला हवे होते का? आणि तिला टोपी काढायला सांगू का?
– एक वाचक

उत्तर : टोपीचं नंतर, आधी पैशाचं. तीस वर्षं मी हिशेब तपासण्याची नोकरी केली आहे. त्यामुळे ‘बोलणी फिसकटली’ हे शब्द वाचले आणि करारात काय लिहायचं ठरत होतं, हाच प्रश्न माझ्या मनात आधी आला.

अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये किती संघ असावेत, हे संघांचे मालकच मिळून ठरवतात. संघ मोजके आणि संघ हवा असलेली शहरं जास्त. एखादं मोठं शहर संघाविना राहिलं की बाकीच्या सगळ्या मालकांना ‘आम्ही तिकडे जातो’ म्हणायची सोय होते. आणि त्या धमकीला धार येते ती तुमच्या लेकीसारख्यांच्या प्रेमामुळे. ज्या संघावर कुणाचा जीव नाही, तो जातो म्हणाला तर कुठल्या महापौराची झोप उडेल?

क्लीव्हलंडचं बघा. 6 नोव्हेंबर 1995 ला ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंडच्या मतदारांनी जुनं स्टेडियम दुरुस्त करण्यासाठी दारू-सिगारेटवरचा कर चालू ठेवायला भरभरून मतं दिली. तरीही संघ गेलाच. बाल्टिमोरने स्टेडियम बांधून द्यायचं कबूल केलं होतं, कारण 1984 च्या मार्चमध्ये त्यांचा स्वतःचा कोल्ट्स संघ एका रात्रीत ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला गेला होता. एका शहराची जखम दुसऱ्याच्या अंगावर गेली. हे लिहितानाही मला वाईट वाटतं.

‘स्टेडियममुळे धंदा वाढतो’ हे तुम्ही ऐकलं असेलच. बहुतेक अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात ते टिकत नाही. घरातला करमणुकीचा पैसा ठरलेला असतो. सामन्याला गेलं की तो सिनेमाला, हॉटेलला जात नाही, इतकंच. त्यात मैदान रोज वापरातही नसतं : बेसबॉलच्या मैदानावर वर्षाला 81 सामने तरी होतात, अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर जेमतेम दहा.

म्हणून मी शहराच्या जागी असते तर आधी दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या असत्या : स्टेडियमचं कर्ज कधी फिटणार आणि संघाचा भाडेकरार कधी संपणार. करार आधी संपत असेल तर संघ गेल्यावरही लोक रिकाम्या खुर्च्यांचे हप्ते भरत बसतात. मग पार्किंगचं आणि स्टेडियमला नाव देण्याचं उत्पन्न कोणाकडे, डागडुजी कोणाच्या खर्चाने, मुदतीआधी गेल्यास भरपाई किती, हे बघितलं असतं. यावर मालकाने समाधानकारक उत्तरं दिली नसतील तर शहराने नाही म्हटलं ते योग्यच केलं. प्रेम आहे म्हणून कोऱ्या कागदावर सही करायची नसते.

ग्रीन बे गावाचा अमेरिकन फुटबॉल संघ, पॅकर्स, मात्र कुठे जात नाही, कारण त्याला एक मालक नाही. 1923 पासून संघ लोकांनी घेतलेल्या भागांवर (शेअर्सवर) उभा आहे, आज भागधारक पाच लाखांहून जास्त आहेत. त्या भागावर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकताही येत नाही. पण ते जुन्या काळचं म्हणून टिकलं; नव्या संघाला आता लीग तशी परवानगी देत नाही. आणि तिथेही 2000 साली मैदानाच्या कामासाठी स्थानिकांनी विक्रीकर स्वीकारलाच. फरक हा, की दाराशी ट्रक लावून कुणी मत मागत नव्हतं.

आता टोपी. इंग्लंडमध्ये 2002 साली लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबला मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात जायची परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा एएफसी विम्बल्डन हा क्लब काढला. खेळाडू निवडायला उघड्या माळरानावर चाचण्या घेतल्या. इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पातळीवरून सुरुवात करून 2011 मध्ये ते फुटबॉल लीग या व्यावसायिक स्पर्धेत पोचले. बाल्टिमोरहून कोल्ट्स गेले तेव्हा संघाच्या बँडचे गणवेश धुलाईला टाकलेले होते, म्हणून ते वाचले. तो बँड पुढची बारा वर्षं संघ नसताना वाजत राहिला.

तेव्हा टोपी तिच्या डोक्यावर राहू द्या. तिने जीव लावला तो हिरवळीवर खेळणाऱ्या माणसांवर आणि तुमच्या शेजारी बसून पाहिलेल्या सामन्यांवर. त्यातलं काही मालकाचं नव्हतं. नवी टोपी, नवी जर्सी, दूरच्या मैदानाचं तिकीट मात्र तुम्ही घेऊ नका, आणि का घेत नाही हे तिला मोठ्या माणसाशी बोलावं तसं सांगा. जवळपास एखादा छोटा क्लब खेळत असेल तर एका रविवारी तिला तिथे घेऊन जा. टोपी कोणती घालायची, ते तिचं तिला ठरवू द्या.