चिकणमातीचा थर पक्का करायला तिच्यात कारखान्याची उडती राख (कोळसा जळल्यावर धुरातून गोळा होणारी बारीक राख) किती टक्के मिसळावी? की त्यापेक्षा सरळ सिमेंट टाकावं?

टक्के सांगतो, पण काम बिघडतं ते ढेकळांमुळे. 'राख टाकून पाहिली, पावसात माती पुन्हा लोण्यासारखी झाली, राखेत दम नाही' हे ऐकलं की मला राग येतो.

कमी कॅल्शियमची राख एकटी घट्ट होत नाही, तिला चुना लागतो. चुन्याचा अंदाज बांधू नका. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली कोरडी माती २५ ग्रॅम, ऊर्ध्वपातित पाणी १०० मिली आणि वेगवेगळ्या बाटल्यांत २ ते ६ टक्के चुना. तासभर दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट हलवा, मग पीएच मोजा. ज्या बाटलीत सर्वांत कमी चुन्यावर पीएच १२.४ भरतो, तेवढा चुना घ्या. राख १० ते २० टक्के धरून मजबुती तपासायला नमुने पाडा. टक्के कोरड्या मातीच्या वजनावर. कोरडी घनता घनमीटरला १.६ टन असेल तर १५० मिमी थराला दर चौरस मीटरला साधारण २४० किलो माती. ४ टक्क्यांनी चुना दहाएक किलो, १५ टक्क्यांनी राख ३६ किलो.

आता ढेकळं. ओल्या चिकणमातीत राख आणि चुना एकदमच ओतले की ढेकळाला वरून पांढरा लेप बसतो आणि आत कच्ची माती राहते. रोलरखाली थर छान दिसतो, पाणी मुरलं की आतली माती फुगते. म्हणून आधी फक्त चुना मिसळा, ओलावा राखून एक ते तीन दिवस मुरू द्या. माती भुरभुरीत होते. मग राख घालून पुन्हा फिरवा. एक ढेकूळ फोडून फिनॉल्फ्थॅलीनचे (चुना लागला की गुलाबी होणारं द्रावण) थेंब टाका: कडेला गडद गुलाबी आणि मध्ये रंगच नाही, तर चुना आत पोचलेला नाही. पुन्हा फिरवा.

दबाईला, म्हणजे रोलरने थर दाबताना, किती पाणी लागतं ते तयार मिश्रणावर चाचणी करून काढा. नुसत्या मातीचा आकडा चालत नाही, कारण चुना-राखेने पाणी जास्त लागतं आणि घनता कमी येते. त्या जुन्या घनतेचा हट्ट धरूनच चांगले थर नापास केले जातात. दबाईनंतर सात दिवस थर ओला ठेवा. कडाक्याच्या थंडीत ही प्रक्रिया जवळजवळ थांबते, तेव्हा काम काढू नका.

सिमेंट लवकर घट्ट होतं, मान्य. पण जड चिकणमातीत ढेकळं फुटायच्या आधीच ते धरू लागतं. तिथे ते निव्वळ वाया जातं, हे माझं ठाम मत आहे.

दोन गोष्टी मात्र आधीच तपासायला हव्यात. मातीत सल्फेट ०.३ टक्क्यांच्या वर असेल तर चुना घालायच्या आधी तज्ज्ञाकडून मिश्रण ठरवून घ्या; चुना आणि सल्फेटपासून बनणाऱ्या, फुगणाऱ्या एट्रिंगाइट या खनिजाचे स्फटिक वाढून अख्खा थर वर उचलला जातो. फॉस्फोजिप्सम (खत कारखान्यातलं सल्फेट असलेलं टाकाऊ जिप्सम) मिसळलं तर हा धोका आपणच ओढवून घेतो. आणि राखेतून आर्सेनिक, क्रोमियम झिरपतं का, याची निक्षालन चाचणी (पाण्याबरोबर काय बाहेर पडतं ते मोजणारी) करा. जवळ विहीर असेल तर त्या अहवालाशिवाय राखेची गाडी रिकामी करू देऊ नका.