पांढऱ्या रश्श्याच्या गावात व्हीगन महोत्सव

चूल आणि चावडी : प्रश्न वाचकांचे, उत्तरं खाणावळवाल्या काकूंची

या महिन्याच्या टपालात एकाच विषयाची पत्रं जास्त आलीत. राजारामपुरीतल्या काही मुलामुलींनी जानेवारीत एक दिवसाचा व्हीगन महोत्सव ठरवलाय. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, मध यांतलंही काही नाही. चामडं आणि रेशीमही नाही. पत्रकात 'पर्यावरणस्नेही' आणि 'सर्वांसाठी खुला' हे शब्द ठळक छापलेत, आणि गावात चर्चा त्यावरूनच पेटलेली दिसते. लोणच्याला बुरशी का येते आणि कुकरची रिंग किती दिवसांनी बदलायची, हे प्रश्न पुढच्या अंकात घेईन.

काकू, आम्ही महोत्सव करणार म्हटल्यावर घरचेच हसतात. 'तांबडा-पांढरा सोडून कोल्हापुरात कोण येतंय?' म्हणतात. व्हीगन बर्गर, सोया कबाब, ओटच्या दुधाची कॉफी, काजूच्या चीजचा पिझ्झा असा बेत आहे. पुण्या-मुंबईचे स्टॉलवाले यायला तयार आहेत. काय सुचवाल?
— महोत्सवाची मंडळी, राजारामपुरी

पोरांनो, लोक येणार नाहीत हे घरच्यांचं म्हणणं खरं ठरू शकतं, पण मटणामुळे नव्हे. मी इतकी वर्षं खाणावळ चालवली. बुधवार, शुक्रवार आणि रविवार सोडले तर गावातल्या बहुतेक घरांत भाकरी, आमटी, उसळ, खर्डा हेच शिजतं. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे वेगळे, श्रावण पाळणारे वेगळे. माणसं अडतील ती दीडशे रुपयांच्या बर्गरपाशी. पोरगं हट्ट करणार, आई पर्समध्ये बघणार आणि चौघं मिळून एक घेऊन घरी जाणार. मग 'सर्वांसाठी खुला' कुठं राहिला?

आधी आपल्याकडे काय आहे ते मोजा. मिसळीचा कट तेलाचा, मटकी, फरसाण, कांदा, लिंबू. वरचं दही काढलं की मिसळ तुमच्यात बसली. फक्त पाव आणि स्लाइस ब्रेड बेकरीत विचारून घ्या, काही ठिकाणी दुधाची पावडर असते. पाकीटबंद माल घ्याल तर व्हीगन पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनी ठरवून दिलेलं हिरवं 'व्ही' चिन्ह बघा. ते नसेल तर मागची यादी वाचा. व्हे आणि केसीन ही दुधाचीच लेकरं. अख्खा मसूर ढाब्यावर बटर टाकून देतात, तुम्ही तेलाचा करा, चवीत उणं पडत नाही. झुणका, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, भडंग, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात. जानेवारीत गुऱ्हाळं चालू असतात, तेव्हा मधाच्या जागी ताजी काकवी आणि गरम भाकरी. यातल्या एकाही पदार्थाला 'व्हीगन' म्हणून वेगळी ओळख द्यावी लागत नाही.

आता पांढऱ्या रश्श्याचं. तो तुम्ही करावाच असं माझं मत आहे, कारण निम्मी गर्दी केवळ उत्सुकतेपोटी तिथंच थांबेल. मूळ रस्सा मटणाच्या अळणी पाण्यावर उभा असतो. त्या पाण्याची जागा साधं पाणी घेऊ शकत नाही. कांदा, आलं, लसूण, दालचिनी, लवंग, मिरी आणि भरपूर अळिंबी तासभर मंद उकळून गाळून घ्या. खसखस, तीळ आणि काजू भिजवून गंधासारखं बारीक वाटा. तेलात खडा मसाला, मग वाटण, मग ते पाणी, आणि नारळाचं दूध सगळ्यात शेवटी. नारळाचं दूध घातल्यावर खळाखळा उकळी येऊ द्यायची नाही, रस्सा फाटतो. आणि त्यात सोयाचे गोळे टाकून 'मटणासारखं' म्हणून विकू नका. मटण खाणारा पहिल्या घासाला ओळखतो आणि मग तुमच्या चांगल्या पदार्थांवरही विश्वास ठेवत नाही.

मठ्ठ्यासाठी शेंगदाण्याचं दही लागतं. वाटीभर दाणे रात्री भिजवा, सालं काढा, तीन वाट्या पाण्यात वाटून गाळा. हे दूध ढवळत उकळा, बोट सोसेल इतपत कोमट करा आणि हिरव्या मिरच्यांची आठ-दहा देठं त्यात बुडवून उबेला ठेवा. देठांवरच्या जिवाणूंनी विरजण लागतं. पहिली खेप तिखटसर, ती नुसतं विरजण म्हणून वापरायची. खाण्याजोगं दही दुसऱ्या खेपेला. दाणे सोसत नाहीत अशी माणसं असतात, तेव्हा कशात शेंगदाणे आणि कशात काजू आहे ते प्रत्येक स्टॉलवर मोठ्या अक्षरांत लिहा. जैन मंडळींसाठी कांदा-लसूण आणि कंदमुळं टाळून निदान तीन पदार्थ वेगळ्या पातेल्यात.

चहा ही खरी अडचण. ओटच्या दुधाचे खोके महाग, शिवाय रिकामे खोके कुणी उचलायचे? दाण्याच्या दुधाचा चहा मी करून बघितलाय, त्याबद्दल जास्त न बोललेलं बरं. गवती चहा, आलं आणि गूळ घालून कोरा चहा करा, मोठ्या बंबात, स्वस्तात.

आमच्या बचत गटाला भाकरी-खर्ड्याचा स्टॉल लावणार का म्हणून विचारलंय. पण माझ्या गोठ्यात दोन म्हशी आहेत, डेअरीला दूध घालते. दूध पिणं पाप आहे म्हणणाऱ्यांच्या कार्यक्रमात मी कुठल्या तोंडानं जाऊ? घरातून विरोध आहे.
— एक गृहिणी, पन्हाळा तालुका

ताई, ताठ मानेनं जा. ऊस वर्षातून एकदा पैसे दाखवतो, दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं आणि बऱ्याच घरांत बाईच्या हाताला लागणारा तोच एक पैसा असतो. पोराची फी, किराणा, भिशीचा हप्ता त्यातूनच जातो. शहरातल्या ज्या मुलानं कधी वैरण कापली नाही त्यानं हे समजून न घेता बोलू नये, हे मी मंडळींना कळवलंय. 'दूध म्हणजे चोरी' अशा पाट्या लावल्या तर तुमच्यासारख्या बायका स्टॉल सोडून जातील आणि ते योग्यच होईल, असंही लिहिलंय.

पण त्यांचं म्हणणंही एकदा ऐका. नर रेडकू झालं तर त्याचं काय होतं हे गोठा असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. गावात त्यावर कुणी बोलत नाही एवढंच. आटलेली म्हैस कुठं जाते हेही तसंच. ही पोरं तेवढंच मोठ्यांदा बोलतायत. त्याला तुमच्याकडे उत्तर असेल तर द्या. पेंडीचा भाव काय, फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) एका पॉइंटनं उतरलं की दर कसा पडतो, हे त्यांना सांगा. कदाचित महोत्सवातलं सगळ्यात चांगलं बोलणं तुमच्या तव्यापाशी होईल.

व्यवहाराचं आता. भाकरीला लोणी किंवा तूप फिरवायचं नाही, सवयीनं हात जातो. खर्डा तेलात. घरचा दुधाचा टोप आणू नका. स्टॉलचं भाडं आगाऊ मागत असतील तर बचत गटाला ते माफ करा म्हणून सांगा, पुण्याच्या स्टॉलवाल्याला आणि तुम्हाला एकच दर लावणं समान दिसतं, पण समान नसतं. अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र करून घ्या, ती पुढं दहा ठिकाणी उपयोगी पडेल.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी चप्पल बनते. स्टॉल मागितला तर 'चामडं चालत नाही' म्हणाले, आणि रेक्झिनच्या चपलांना मात्र परवानगी दिली. मग हा सगळ्यांचा महोत्सव कसला?
— एक कारागीर, कोल्हापूर

भाऊ, चामड्याला नकार देणं हा त्यांच्या महोत्सवाचा पायाच आहे, त्यात मी त्यांना दोष देत नाही. पण रेक्झिनला होकार देणं मला पटलं नाही. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेलं प्लास्टिक. ते झिजून मातीत जाणार नाही. तुमचं चामडं परंपरेनं बाभळीची साल आणि हिरडा यात कमावलेलं असतं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. असल्या कारागिराला दारातून परत पाठवायचं आणि प्लास्टिक आत घ्यायचं, तर पत्रकावरचा 'पर्यावरणस्नेही' शब्द पुसून टाका म्हणावं.

मी त्यांना एक मार्ग सुचवलाय. तुम्हाला दुरुस्तीचा ठेला द्यावा. नवी चप्पल विकायची नाही, पण आलेल्यांच्या तुटलेल्या चपला, पिशव्यांचे बंद, दप्तरांची शिवण तिथं दुरुस्त व्हावी, आणि दिवसाचा मेहनताना आयोजकांनी ठरवून द्यावा. फुकट 'प्रात्यक्षिक' करायला लावत असतील तर जाऊ नका. मंडळींनी तत्त्वतः मान्य केलंय, पैशाचं बोलणं तुम्ही स्वतः करा. महोत्सवाला येणारी निम्मी माणसं चामड्याची कापशी चप्पल करकर वाजवतच येणार आहेत, हे मी वेगळं सांगायला नको.

पेपर प्लेट चालतील ना?
— मंडपवाले, शाहूपुरी

कागदी कपाच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणूनच त्यातून चहा गळत नाही. बऱ्याच पेपर प्लेटचंही तसंच. प्लास्टिकची ताटं, चमचे, थर्माकोलची सजावट यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहेच. तुमच्या गोदामात लग्नाची स्टीलची ताटं-वाट्या पडून असतील, तीच द्या आणि धुणाऱ्या बायकांना चांगली मजुरी. कमी पडली तर पळसाच्या पत्रावळ्या आणि द्रोण. उसाच्या चिपाडाच्या प्लेट आपल्या जिल्ह्यात शोभतात, पण घेताना आतून चकचकीत थर नाही ना ते नखानं खरवडून बघा. शंभरावर माणसं जमवायची तर निदान तीन कामाचे दिवस आधी महापालिकेला कळवायचं आणि ओला-सुका कचरा वेगळा ठेवायचा, अशी अट २०१६ च्या घनकचरा नियमांत घातली गेली. ते पत्र आयोजकांनी द्यायचं की तुम्ही, हे आधीच ठरवा.

बाबा व्हीलचेअरवर असतात. कुठल्याही जत्रेत त्यांना कडेला बसवून आम्ही ताट आणून देतो. या वेळी तरी वेगळं होईल का?
— एक मुलगी, कळंबा

मंडळींना मोजमापच पाठवलंय. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार, त्याहून खडा नको. दोन तरी काउंटर बसलेल्या माणसाच्या छातीला लागतील एवढे खाली. रांगेत दोरी बांधाल तर मधून खुर्ची जाईल एवढी जागा सोडा, आणि शौचालयाच्या दाराशी पायरी नको. बाबांना स्वतःचं ताट स्वतः निवडता आलं नाही तर मला कळवा.

याच प्रश्नात एक गोष्ट घालते, कुणी विचारली नाही तरी. पत्रकात संध्याकाळी यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं आहे. वाजवायला बोलावता आणि जेवायच्या वेळी पडद्यामागं पाकिटं देता, असं होऊ नये. त्यांना पंगतीत बसवा, सगळ्यांबरोबर, आणि मानधन कार्यक्रमाआधी द्या. दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंनी या गावात हॉटेल काढलं तेव्हा शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले आणि सोबतच्यांनाही पाजला. त्या चहात दूध होतं की नाही, हे कुणी विचारत नाही. चहा कुणाच्या हातचा होता तेवढं गाव विसरलेलं नाही.

तालमीत दूध-थंडाई बंद केली तर ताकद राहील का?
— एक मल्ल, शिवाजी पेठ

प्रथिनं डाळी, हरभरे, दाणे, सोयाबीन, तीळ यांतून भरता येतात, फक्त वाट्या मोजून खाव्या लागतात. बदाम-खसखशीची थंडाई दुधाशिवायही होते. पण बी-१२ जीवनसत्त्व झाडापाल्यात भरवशानं मिळत नाही. दूध-अंडी सगळं सोडणार असशील तर त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावीच लागेल. वस्तादांना न सांगता कुस्तीच्या हंगामात असले प्रयोग करू नकोस.

काकू, सरळ विचारतो. मी रविवारचं मटण सोडणार नाही. तरी आलो तर चालेल का?
— एक खवय्या, मंगळवार पेठ

या की. मंडळींनी रविवार धरला होता, मी फोन करून शनिवार करायला लावलाय. येताना घरनं डबा आणा, अख्खा मसूर न्यायला.