पोटनिवडणुकीच्या निकालावर माल भरताय? आधी माझी आठ हजार उपरणी ऐका

तुम्ही लिहिलंय की पोटनिवडणुकीत सत्ताधाऱ्यांची हक्काची जागा गेली, जो तो हवा फिरली म्हणतोय, कापडही सध्या स्वस्त आहे. तर दोन लाखांचं कर्ज काढून जिंकलेल्या बाजूची उपरणी आणि टोप्या आत्ताच छापून ठेवाव्यात का, येत्या सार्वत्रिक निवडणुकीत हातोहात जातील. भाऊ, तुम्ही सातपूरचे, मी पंचवटीतला, दोघंही नाशिककर, पण हीच पोस्ट मी मार्च 2023 मध्ये लिहायला हवी होती. तेव्हा कुणाला विचारलं नाही, सरळ भिवंडीहून तागे उचलले.

आधीच सांगतो, मी राजकारणातला जाणकार नाही. माझं स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं वर्कशॉप आहे. कोणत्याही पक्षाचा मी नाही, धंद्यात ते परवडतही नाही. कापड, शाई, मजुरी यातलं तुम्हाला सगळं ठाऊक असणार, त्यात जात नाही.

तर मार्च 2023. पुण्यातल्या कसबा पेठेच्या विधानसभा पोटनिवडणुकीचा निकाल लागला. 1995 पासून भाजपकडे असलेली जागा काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी सुमारे 11 हजारांनी जिंकली. टीव्हीवर एकच वाक्य चालू होतं: काँग्रेस, ठाकरेंची शिवसेना आणि राष्ट्रवादी हे महाविकास आघाडीतले तिघे एकत्र राहिले तर भाजप हरतो. त्याच दिवशी चिंचवडचाही निकाल होता, तिथे भाजप जिंकला. पण तिथे बंडखोर अपक्षाने 40 हजारांच्या वर मतं खाल्ली होती, भाजपच्या मताधिक्यापेक्षा जास्त. म्हणजे चिंचवडही कसब्याचीच साक्ष देतंय, असं मी मनाशी ठरवून टाकलं. एकदा मनात बसलं की माणसाला सगळे पुरावे आपल्याच बाजूचे दिसतात.

आणि मी काय केलं? नुसतं एका पक्षाचं उपरणं नाही छापलं. कसब्याचा धडा एकीचा होता ना, मग पांढऱ्या सॅटिनवर पंजा, घड्याळ आणि मशाल, तिघांची तिन्ही चिन्हं शेजारी शेजारी. दोन्ही टोकांना तिरंगी किनार. आठ हजार नग. एकाला 14 रुपये पडले, म्हणजे 1 लाख 12 हजार, त्यातले 80 हजार पतसंस्थेचे. कुणी ऑर्डर दिली नव्हती. बायको म्हणाली होती, निवडणूक पुढच्या वर्षी आणि वरात आजच? मी तिला चिंचवडची आकडेवारी समजावली.

2 जुलै 2023 ला राष्ट्रवादी फुटली, अजित पवारांनी भाजपसोबतच्या सरकारात उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. 6 फेब्रुवारी 2024 ला निवडणूक आयोगाने घड्याळ त्यांच्या पक्षाला दिलं, शरद पवारांच्या गटाला पुढे तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. माझ्या उपरण्यावर आता दोन चिन्हं एका आघाडीची आणि तिसरं समोरच्यांचं. तसलं उपरणं गळ्यात घालून कुठल्याही सभेला जा, मार खाल! कात्रीने घड्याळ कापून बघितलं, पण ते मधोमध होतं.

यातली खरी मेख पुढे आहे. माझा अंदाज चुकला नव्हता. 2024 च्या लोकसभेला आघाडीने राज्यात 48 पैकी 30 जागा घेतल्या. आपल्याकडे नाशिक आणि दिंडोरी दोन्ही त्यांच्याकडे गेल्या, मालेगाव-बागलाण ज्यात येतात ती धुळ्याचीही. कसबा बरोबर बोललं होतं आणि माझा माल तरीही पोटमाळ्यावर. मतदार कुठे झुकतोय याचा थोडाफार वास पोटनिवडणुकीला लागतो, पण मतदानाच्या दिवशी कोण कुणाबरोबर उभा असेल ते तिला कुठून कळणार? उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर पोटनिवडणूक घेतच नाहीत, म्हणजे तिचा निकाल ताजा असतो तेव्हा सार्वत्रिक निवडणूक बहुधा लांबच असते. तेवढ्या वेळात आपल्याकडे पक्ष फुटतात.

शिवाय दिंडोरीत जे झालं त्याचं कारण कसबा नव्हतंच. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, लासलगावचे लिलाव बंद पडले, डिसेंबरात निर्यातबंदी आली. मार्चमधल्या पुण्यातल्या मतदाराला हे दिसणार होतं का? चाळीत कांदा भरणारा माणूस एका दिवसाच्या लिलावावर चाळ भरत नाही. आपण मात्र भरतो.

बरं, एवढ्यावर शहाणा व्हायला हवं होतं. लोकसभेचा निकाल तर पोटनिवडणुकीपेक्षा शंभरपट मोठा इशारा, म्हणून विधानसभेसाठी पुन्हा त्याच बाजूच्या टोप्या थोड्या जास्तच उचलल्या. पाच-सहा महिन्यांत जिल्ह्यातल्या 15 पैकी 14 जागा महायुतीकडे (भाजप, शिंदेंची शिवसेना आणि अजित पवार), पंधरावी मालेगाव मध्य एमआयएमकडे. आघाडीला भोपळा. कसब्यातही हेमंत रासनेंनी धंगेकरांना 19 हजारांवर मतांनी पाडलं. जिथून हवा फिरली म्हणत होतो, तिथेच.

बाहेरचं बघायचं तर 2018 बघा. फेब्रुवारीत राजस्थानात अलवर आणि अजमेर या लोकसभेच्या दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. डिसेंबरात राज्यही जिंकलं, म्हणजे इशारा खरा. पण पुढच्या मे महिन्यात लोकसभेच्या 25 पैकी एकही जागा मिळाली नाही, म्हणजे तोच इशारा खोटा. गोरखपूर आणि फुलपूर त्याच वर्षी मार्चमध्ये भाजपच्या हातून गेली, 2019 ला दोन्ही परत आली. आपल्या पालघरचं तर विचारूच नका: 2018 च्या पोटनिवडणुकीत राजेंद्र गावित भाजपकडून शिवसेनेला हरवून निवडून आले आणि 2019 ला त्याच जागेवरून शिवसेनेचे खासदार झाले. तिथल्या छपाईवाल्याचं काय झालं असेल ते मला विचारा.

नाशिकची तर जुनीच गोष्ट आहे. 1963 मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण इथून पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून आले. त्याच वर्षी अमरोहा, फर्रुखाबाद आणि राजकोट इथे कृपलानी, लोहिया आणि मसानी या विरोधी नेत्यांनी काँग्रेसला पाडलं. 1967 ला काँग्रेसची देशभर जी पडझड झाली, तिची चाहूल त्या तिघांत होती. नाशिककर नाशिकच्या निकालाकडे बघून निर्धास्त राहिला असता. म्हणून माझं मत (फक्त मत, पैसे तुमचे): एका जागेवरून काहीही धरू नका. एकाच सुमारास वेगवेगळ्या भागातल्या चार-सहा जागांवर मतांची टक्केवारी एकाच दिशेला सरकली तर थोडं मनावर घ्या. कोण जिंकलं यापेक्षा त्याच मतदारसंघातल्या मागच्या वेळच्या टक्केवारीशी ताडून बघा. किती लोक बाहेर पडले तेही बघा. कसब्यात जेमतेम 50 टक्के मतदान होतं. अंधेरी पूर्वला 2022 मध्ये ते 32 टक्क्यांच्या आसपास होतं, भाजपने उमेदवार मागे घेतला होता आणि दुसऱ्या क्रमांकावर नोटा, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नाही’ हे बटण आलं होतं. त्यावरून कुणी मुंबईची हवा सांगितली असती तर? आमदाराच्या निधनाने लागलेली पोटनिवडणूक आणि घरातलाच उमेदवार असेल तर सहानुभूतीची मतं वेगळी काढा.

ही पडताळणी मी 2023 मध्ये करायला गेलो होतो बरं का, अगदीच बावळट नव्हतो. आपल्याकडच्या मतदारसंघांत 2019 ला तिन्ही पक्षांची केंद्रनिहाय मतं किती होती ते बघायचं होतं, म्हणजे फॉर्म 20. एका सरकारी कार्यालयात गेलो, नाव घेत नाही. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिवशी टेबल बदललं होतं. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी वर न बघताच विचारलं, "कोणत्या पक्षाकडून आलात?" छपाईवाला आहे म्हटल्यावर त्यांना वाटलं मी जुनं बिल मागायला आलोय, आणि लेखा शाखेत पाठवलं! शेवटी शिपायाने सांगितलं, वेबसाइटवर असतं की. होतं. आडवं स्कॅन केलेलं, निम्मे आकडे शाईत बुडालेले. चौथ्यांदा गेलो नाही आणि तागे उचलले. चूक माझीच, पण त्या तीन फेऱ्यांचा राग अजून जात नाही. तुम्ही आधी वेबसाइट बघा, हल्लीच्या फायली बऱ्या आहेत.

कर्जाचं म्हणाल तर काढू नका. काढायचंच असेल तर कोऱ्या मालावर काढा. पांढरं सॅटिन लग्नात जातं, कुंभमेळ्यात जातं, शाळेच्या स्नेहसंमेलनात जातं. छपाई अर्ज माघारीनंतर. माघार आणि मतदान यात किमान 14 दिवस असतात, दोन माणसं रात्रपाळीला लावली तर पुरतात. प्रूफवर उमेदवाराच्या प्रतिनिधीची सही घ्या: लोकसभेला दिंडोरीत नुसत्या ‘तुतारी’वर उभ्या असलेल्या, शरद पवार गटाच्या उमेदवाराच्या आडनावबंधू अपक्षाला लाखावर मतं गेली, तेव्हा चिन्हाच्या रेषेरेषेवरून भांडणं होतात. पत्रकं-पोस्टरं घेतलीत तर त्यावर मुद्रकाचं नाव-पत्ता लागतो, विसरू नका. निम्मे पैसे आधी, आणि तेही बँकेतून. हरलेल्या उमेदवाराचा फोन लागत नाही, जिंकलेल्याचा पीए उचलतो.

त्या आठ हजारांचं काय झालं? अंबडच्या एका वर्कशॉपला मशिनी पुसायला किलोवर देऊ केली. त्याने एक उपरणं घेऊन लेथवरून फिरवलं, तेल तसंच पसरलं. म्हणाला, "पॉलिस्टर तेल पीत नाही हो, सुती असतं तर घेतलं असतं." पोटमाळ्यावर अजून सहा गठ्ठे आहेत. तिन्ही चिन्हांच्या स्क्रीन मात्र वेगवेगळ्या होत्या, त्या मी धुतल्या नव्हत्या. नोव्हेंबर 2024 मध्ये जिल्ह्यात घड्याळावर सात आमदार आले, त्यातल्या दोघांची उपरणी त्याच जुन्या स्क्रीनवर निघाली, कोऱ्या कापडावर, पैसे आधी घेऊन.