वरून टोचल्यासारखं, आत पू

पाळीव प्राण्यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना पशुवैद्यक जाणणाऱ्यांची उत्तरं. मांजरांच्या मारामारीतल्या जखमांबद्दल सोलापुरातून आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : तीन दिवसांपूर्वी रात्री आमचा बोका गच्चीवर दुसऱ्या बोक्याशी भांडला. गालावर नुसती टोचल्यासारखी खूण होती, रक्तही फारसं नव्हतं, म्हणून तेलात हळद कालवून लावली. आज गाल लिंबाएवढा सुजलाय, हात लावू देईना, कालपासून खाईना झालाय. शेकून फोडावा का? (साखर पेठ)

उत्तर : फोडू नका. हे गळू आहे आणि ते डॉक्टरांनीच उघडायचं असतं. बाहेरून दाबलं तर पू बाहेर येण्याऐवजी आतल्या आत पसरतो, शिवाय त्या ठणक्यात बोका तुम्हाला चावेल.

असं का होतं ते बघा. मांजराचा सुळा बारीक आणि टोकदार असतो. तो सुईसारखा आत जातो, तोंडातले जंतू (मुख्यतः पाश्चुरेला) कातडीखाली सोडतो आणि बाहेर येतो. मांजराची कातडी सैल असते. दात निघाला की ती आपल्या जागी सरकते आणि वरचं भोक काही तासांतच मिटतं. आत जंतू कोंडले गेले, बाहेर यायला वाट नाही, मग दोन ते पाच दिवसांत पू साठतो. म्हणून मारामारीत फाटलेली, भळाभळा वाहणारी जखम बघून आपण घाबरतो, पण जास्त छळते ती ही न दिसणारी जखम. गाल, मान आणि पुढचे पाय या गळवांच्या नेहमीच्या जागा. शेपटीच्या मुळाशी गळू झालं असेल तर बोका पळत असताना मागून चावा बसलाय, हेही कळतं.

हळद विषारी नाही, पण तेलात कालवलेली हळद केसांना धरून कडक पापुद्रा बनवते आणि उघडं राहायला हवं ते तोंड आणखी लिंपून टाकते. चाव्याच्या जखमेवर घट्ट मलमही याच कारणासाठी नको.

डॉक्टर काय करतील? गुंगी देऊन केस काढतील, गळवाच्या सगळ्यात खालच्या बाजूला छेद देतील म्हणजे पू आपोआप निथळेल, आणि आतली पोकळी सलाईनने धुतील. पोकळी मोठी असेल तर तीन ते पाच दिवसांसाठी रबरी नळी ठेवतात. जखम टाके घालून बंद केली नाही म्हणून डॉक्टरांवर रागावू नका. अशी जखम आतून भरत वर यावी लागते. वरून आधी मिटली तर आठवड्याभरात त्याच जागी पुन्हा गळू.

घरी आल्यावर दिवसातून दोनदा धुणं तुमच्याकडे. मेडिकलमध्ये 0.9 टक्के सलाईनची बाटली मिळते, ती सर्वांत चांगली. नसेल तर अर्धा लिटर पाणी खळखळून उकळा, त्यात एक सपाट चमचा मीठ (पाच मिलिचा चमचा, किंचित कमीच) घाला आणि कोमट होऊ द्या. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून पिंपात भरून ठेवलेलं पाणी न उकळता जखमेवर अजिबात घालू नका. पोव्हिडोन आयोडिन वापरायचं असेल तर बाटलीवरची टक्केवारी वाचा. पाच टक्क्यांचं असेल तर अर्ध्या लिटरला दहा मिलि, दहा टक्क्यांचं असेल तर पाच मिलि. रंग फिकट चहासारखा दिसला पाहिजे. गडद ओतलं म्हणून जास्त जंतू मरत नाहीत, उलट नवीन येणारं मांस जळतं. सुई काढलेल्या दहा किंवा वीस मिलिच्या सिरिंजने हलका झोत सोडा आणि गॉजने टिपा. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत राहतात. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी फेकून द्या.

खपली धरून तोंड मिटू लागलं तर मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतकं गरम ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. खपली मऊ होऊन आपोआप सुटते, नखाने ओढू नका. डॉक्टर उद्याच भेटणार असतील तर आजही एवढा शेक चालेल. शेकायचंय, दाबायचं नाही.

धरायला एक माणूस, धुवायला दुसरा. सोलापुरात टॉवेलची कमतरता नाही, पण मांजर गुंडाळायला तो नको. त्याच्या फुगीर फासांत नखं अडकतात आणि मांजर आणखी बिथरतं. जुनी, धुऊन मऊ झालेली चादर घ्या. जाड असते, नखं आरपार जात नाहीत. मानेभोवती एक वेढा द्या, चारही पाय आत आणि डोकं तेवढं बाहेर.

अँटिबायोटिक सांगितलं असेल तितके दिवस पूर्ण द्या. तिसऱ्या दिवशी बोका खेळायला लागला म्हणून थांबवणं ही नेहमीची चूक. डॉक्सिसायक्लिनची गोळी असेल तर ती कोरडी कधीच देऊ नका. मांजराच्या अन्ननलिकेत ती अडकते आणि तिथे व्रण पडतो. गोळीनंतर पाच-सहा मिलि पाणी सिरिंजने गालाच्या कडेने हळूहळू पाजा. जखम जिभेच्या टप्प्यात असेल तर गळ्यात प्लास्टिकची कॉलर हवी. कॉलर घालून बोका दाराच्या चौकटीला धडकत फिरतो, दया येते, पण काढू नका.

खाण्याचं मात्र गांभीर्याने घ्या. दोन दिवसांपेक्षा जास्त उपाशी राहिलं, विशेषतः जाडं मांजर, तर यकृतात चरबी साठून नवंच दुखणं उभं राहतं. उकडलेलं चिकन हाताला कोमट लागेल इतकं गरम करून द्या, वासाने खातात. घरच्या मटणाचा रस्सा नको. त्यातला कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

प्रश्न : मारामारी होऊन मांजर आत्ताच घरी आलंय. रात्रीचे अकरा. सकाळपर्यंत थांबता येईल का? (जुळे सोलापूर)

उत्तर : बहुतेक वेळा हो, पण आधी काही गोष्टी तपासा. मांजर शांत बसलेलं असताना छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते मोजा. वीस ते तीस ठीक. चाळीसच्या वर सतत राहिलं किंवा तोंड उघडून धापा टाकत असेल तर रात्रीच निघा. छातीवर किंवा पोटावर चावा असेल, डोळ्याला इजा असेल, मागचे पाय ओढत असेल, हिरड्या पांढऱ्याफटक असतील, किंवा स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तरी तेच. कुत्र्याने धरून हलवलं असेल तर बाहेर ओरखडासुद्धा नसताना आत बरगड्या मोडलेल्या किंवा फुप्फुस फाटलेलं असू शकतं. तिथे वरून जखम शोधत बसू नका.

यातलं काही नसेल तर मांजर एका खोलीत बंद ठेवा आणि हाताने अंगावरचे केस उलटे फिरवत बघा. ओलसर, गुठळी झालेला केसांचा पुंजका म्हणजे खाली दाताचं भोक आहे असं समजा. एक भोक सापडलं तर बोटभर अंतरावर दुसरं शोधा, सुळे जोडीने असतात. त्या जागेचे केस कापताना कात्री थेट लावू नका. सैल कातडी पात्यांत सहज येते. कंगव्याने केस उचलून धरा आणि कंगव्याच्या वरच्या बाजूने कापा. मग सलाईनने धुवा.

सकाळी दवाखाना गाठाच. पहिल्या दिवशीच अँटिबायोटिक सुरू झालं तर बरीच गळवं होतच नाहीत, आणि गुंगी, छेद, नळी हा सगळा खर्च टळतो. ताप घरी मोजायचा तर वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवा. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात दोन सेंटिमीटर. 100.5 ते 102.5 फॅरनहाइट हे मांजराचं नेहमीचं तापमान, आपल्यापेक्षा जास्तच. 103च्या वर ताप समजा. 99च्या खाली गेलं तर ते तापापेक्षाही वाईट.

प्रश्न : लंगडतंय, रात्रभर ओरडतंय. लहान मुलांना देतो तशी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी चालेल का? (विजापूर रोड)

उत्तर : नाही. पाव गोळीसुद्धा नाही. हे औषध निकामी करून बाहेर टाकायला यकृतात जी यंत्रणा लागते ती मांजरात अगदीच तोकडी असते. मग औषधाचा विषारी भाग रक्तावर उलटतो, रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात. 500 मिलिग्रॅमच्या एका गोळीने मांजर मरतं. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही नको, दुखऱ्या गुडघ्याला लावतात ते मलमही नको, कारण मांजर ते चाटणार.

चुकून दिलं गेलं असेल तर लक्षणांची वाट बघू नका, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. गोळीची पट्टी हातात घेऊन लगेच दवाखान्यात जा. एन-ॲसिटिलसिस्टीन हा यावरचा उतारा आहे. माणसांच्या मेडिकलमध्येही तो मिळतो, पण किती द्यायचा हे डॉक्टर ठरवतील. मांजरांसाठी वेदनाशामक औषधं असतात, वजन करून मोजून दिली जातात. आणखी एक : पाण्यात घातल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक घराघरात असतं, त्याने मांजराची जखम धुऊ नका. त्यातल्या फिनॉलच्या जातीच्या द्रव्याने मांजराला विषबाधा होते. फिनाइलचंही तेच.

प्रश्न : बोका चार दिवस गायब होता. आला तेव्हा शेपटीजवळच्या जखमेत किडे पडलेले. गुरांना घालतात तसं टर्पेंटाइन किंवा डांबरगोळीची पूड घालावी का? (बाळे)

उत्तर : दोन्ही नको. बैलाच्या मानाने चार किलोचं मांजर म्हणजे काय? वर ते जखम चाटतं. टर्पेंटाइन कातडीतून आणि पोटातून शरीरात जातं, डांबरगोळीतलं नॅप्थलीन मांजराचं रक्त फोडतं. कुत्र्यांसाठीचे गोचीड मारायचे परमेथ्रिनवाले स्प्रेही मांजराला झटके आणतात.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असतो. माशीने सकाळी उघड्या जखमेवर अंडी घातली तर दुसऱ्या दिवसापर्यंत अळ्या वळवळू लागतात. केसांत तांदळाच्या कणीसारखे पांढरे पुंजके दिसले तर ती अंडी, बारीक दातांच्या फणीने लगेच काढा. अळ्या आत शिरल्या असतील तर कोमट सलाईनचा झोत मारा, वर येतील त्या बोथट चिमट्याने उचला आणि मांजर दवाखान्यात न्या. आतल्या खोल पोकळीतल्या अळ्या गुंगीशिवाय निघत नाहीत. जखम भरेपर्यंत बोका जाळीच्या खिडकीच्या खोलीत ठेवा, पत्र्याखाली नको.

प्रश्न : भांडण सोडवताना आमच्याच मांजराने हाताला कडकडून चावा घेतला. घरचंच आहे, मग इंजेक्शन कशाला? (अशोक चौक)

उत्तर : ज्या बोक्याशी ते भांडलं तो घरचा नव्हता, म्हणून. आधी नळ किंवा तांब्याच्या धारेखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. चुना, तिखट, हळद काही भरू नका. मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, विनामूल्य मिळते. दंडात घ्यायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7, 14 आणि 28व्या दिवशी. कातडीत दिली जाते तेव्हा 0, 3, 7 आणि 28. दात आत गेला असेल किंवा ओरखड्यातून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजशी लढणारे तयार प्रतिपिंड) द्यावं लागतं, ते आठवणीने विचारा. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण तोवर लस लांबवू नका.

रेबीज बाजूला ठेवला तरी मांजराचा चावा हाताला वाईटच. गळू करणारे तेच जंतू बोटाच्या सांध्यात आणि कंडरेच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणात शिरतात. चोवीस तासांत हात लाल होऊन सुजला, बोट वाकेना, तर मलम लावत बसू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही सांगा.

मांजराला रेबीजची लस दिलेली असेल तर लगेच बूस्टर द्या. दिलेलीच नसेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते लसींचा क्रम ठरवतील.

प्रश्न : मारामारीतून मांजराला एड्स होतो असं ऐकलं. खरं का? (होटगी रोड)

उत्तर : मांजरांच्या एड्सचा एफआयव्ही नावाचा विषाणू आहे, तो खोल चाव्यातून मांजरापासून मांजराला जातो. माणसाला होत नाही. मांजरांच्या ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा) विषाणू एफईएलव्हीही चाव्यातून जाऊ शकतो. रक्ताच्या थेंबावर दोन्हींची तपासणी होते, पण चाव्यानंतर लगेच केली तर नवा संसर्ग दिसत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा करा. एफआयव्ही निघाला म्हणून मांजर मारून टाकायचं कारण नाही, बरीच मांजरं त्यासह वर्षानुवर्षं नीट जगतात. फक्त बाहेर सोडू नका.

प्रश्न : जखम बरी झाली की पुन्हा गच्चीवर जातो आणि पुन्हा फोडून घेऊन येतो. काय करावं? (मुरारजी पेठ)

उत्तर : नसबंदी. पाच-सहा महिन्यांचा झाला की करता येते, मोठ्या बोक्याचीही होते. ऑपरेशन झाल्यावर बहुतेक बोक्यांचं भटकणं, लघवीचे फवारे मारणं आणि भांडणं कमी होतं, पण लगेच नाही, काही आठवडे जातात. तोवर संध्याकाळी आत घ्या. खिडकीबाहेर दुसरा बोका येऊन बसत असेल तर खालची अर्धी काच कागद लावून झाका, आणि अंगणातल्या उघड्या ताटलीत उरलेली भाकरी-मासळी टाकणं बंद करा. तो त्यासाठीच येतो. जखम अजून ओली असेल, पू येत असेल, तर ऑपरेशनची तारीख ती भरल्यावरची घ्या.